ग्रुपवर विचारलं आणि आर्णीला जेवायला गेलो

यवतमाळला जायचं ठरलं ते एका अनोळखी माणसाच्या एका शब्दामुळे. ऑनलाइन एक ग्रुप आहे, तिथे कोणीही कोणाला काहीही विचारतं. कुकर एकाच बाजूने वाफ का सोडतो, भाड्याच्या घरात खिळा ठोकला तर मालक रागावतो का, मांजर व्यायली तर तिला काय खाऊ घालावं. मी तिथली जुनी प्रश्नवाली. शोधून वाचलं तर उत्तर मिळतं हे मलाही कळतं, पण माणसांना विचारलं की उत्तरासोबत त्यांच्या सासूबाई, त्यांचं मांजर आणि त्यांची मतंही येतात, आणि मला त्या वरकड मालाचाच जास्त सोस आहे. डिसेंबरात मी विचारलं, "थंडीत चार दिवस कुठे जावं, जिथे पुण्यातलं कोणी भेटणार नाही?" पहिलंच उत्तर आलं, "यवतमाळ."

माझ्या नणंद सुनंदाताई, ज्यांना मी अजूनही वन्संच म्हणते, त्या म्हणाल्या, "यवतमाळला फिरायला कोण जातं?"

"कोणी नाही, म्हणून तर."

गाडी त्यांची, चालवणार त्या, त्यामुळे तेवढी कुरकुर करायचा त्यांना हक्क होता.

ज्यांना जायचंय त्यांना रस्ते, खाणं सगळं सांगते. पण आधीच बजावते, ही हकीकत वाघाची नाही. आर्णीच्या एका बाईंनी आमच्यासाठी रांधलेल्या जेवणाची आहे, आणि ते जेवण आमच्या पुणेरी सभ्यपणापायी वाया जाता जाता वाचलं.

झालं असं, की निघण्याआधी मी ग्रुपवर आणखी एक प्रश्न टाकला. शनिवारी दुपारी आर्णी भागातून जाणार आहोत, घरगुती जेवण कुठे मिळेल? मग काय, ढाब्यांवरून दोन तट पडले आणि लोक आपसातच भांडायला लागले. त्यात शोभाबाईंचं उत्तर होतं. शोभाबाई म्हणजे ग्रुपवर गुलाबाच्या फोटोमागे असणाऱ्या एक बाई. माझ्या पांढऱ्या ओढणीवर हळद सांडली तेव्हा "काही लावू नका, उनात टाका, ऊनच काढते" असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि डाग खरंच गेला होता. त्यांनी लिहिलं, "पुन्यावून येता न? मंग माह्या घरीच या. शनिवारी रोडगे टाकतो."

मी लिहिलं, "अरे वा! नक्की येऊ!" आणि दोन हसरे चेहरे चिकटवले. तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, याचा अर्थ 'छान वाटलं, आभारी आहे' एवढाच असतो. त्यांनी पत्ता आणि नंबर पाठवला. मी अंगठा दाखवला आणि विसरून गेले.

बुधवारी पहाटे पुणं सोडलं. अहिल्यानगर, संभाजीनगर करत जालन्याला समृद्धी महामार्गाला लागलो. हा रस्ता सुरेख आहे, पण इतका सरळ की गाडी चालवणाऱ्याला झोप येते, म्हणून सोबत बडबड करणारं माणूस असावं. ती सोय वन्संकडे होती. खाण्याची ठिकाणं मात्र लांबलांब आहेत, डबा न्याच. कारंजाला उतरून दारव्हामार्गे यवतमाळ गाठलं तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघाल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींनी त्यांच्यातला कापूस ओरबाडून घेतला होता. बाभळीला कापूस लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बसस्थानकाजवळ स्वच्छ खोली मिळाली, गरम पाणीही होतं.

गुरुवारी सकाळी तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक झणझणीत रस्सा ओततात. वन्संनी "थोडीच तर्री" असं सांगितलं, तर पोहेवाला म्हणाला, "थोडीच टाकतो, पण खाऊन झाल्यावर तुमीच मांगसान." त्यांनी दोनदा मागितली. दोघींचा पोटभर नाश्ता शंभराच्या नोटेत बसला. मग कळंबच्या चिंतामणीला गेलो. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून आत जावं लागतं आणि आत गारवा असतो. गर्दी अजिबात नव्हती. आम्ही तिथे उगीचच बराच वेळ बसलो, फार बरं वाटलं.

शुक्रवारी टिपेश्वरचं अभयारण्य. सफारी ऑनलाइन आधी ठरवा, आयत्या वेळी गेलात तर गेटवरूनच परत फिराल. गरम कपडे आणि कानटोपी पाहिजेच, सकाळी उघड्या जिप्सीत दात वाजतात. वाघाच्या पंजांचे ठसे पाहिले, वाघ पाहिला नाही. गाइड म्हणाला, "त्यानं तुमाले पाह्यलं असन, मॅडम." एवढ्यावर समाधान मानलं. नीलगायी, चितळं आणि एक अतिशय रागीट मोर दिसला.

आता शनिवार.

यवतमाळहून आर्णीचा रस्ता रुंद आणि झकास आहे. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, शेंगांनी लवलेल्या. आर्णीच्या अलीकडेच वन्संना भूक लागली आणि त्यांना भूक लागली की गाडी आपोआप ढाब्याकडे वळते. झुणका, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर ताक. गच्च जेवलो. मग आर्णी ओलांडली, दिग्रसच्या रस्त्याला लागलो, आणि पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा फोन वाजला.

शोभाबाईंनी फोटो पाठवला होता. अंगणात गोवऱ्यांची आर, म्हणजे रसरशीत विस्तव, त्यावर ओळीने मांडलेले कणकेचे गोळे, मागे सतरंजीवर बसलेली बरीच माणसं. खाली लिहिलं होतं, "आर पडली. निंगाले का? सारे वाट पाहून राह्यले."

मी फोन वन्संपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"हे कोण लोक?"

"त्या शोभाबाई. जेवायला या म्हणाल्या होत्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

"नक्की येऊ म्हणाले. अहो, असं लिहितातच की!"

अजूनही मला वाटत होतं, काहीतरी गोड कारण कळवून मोकळं व्हावं. त्यांच्या घरात माणसं आहेत, ती खातील. म्हणून मी टपरीवाल्याला सहज विचारलं, "काका, रोडगे कितीजणांसाठी करतात हो?"

"रोडगे? दोघाचौघाचे कोणी करते काय बाई! आर पेटवली का अख्खी गल्ली जेवाले बलावा लागते." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काहून? कोणी बलावलं काय तुमाले?"

"हो, आर्णीत."

"मंग इथं काय करून राह्यल्या?"

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एका बाईनं केवळ माझ्या दोन हसऱ्या चेहऱ्यांवर भरवसा ठेवून गल्ली जेवायला बोलावली होती, आणि मी भाकरीचे तुकडे मोडून ढेकर देत पुढे निघाले होते. वन्सं चहा अर्धा टाकून उठल्या होत्या. "बस गाडीत," एवढंच म्हणाल्या.

घर गावाच्या कडेला होतं, निळ्या रंगाचं, ओट्यावर बुद्धांची तसबीर. गाडी थांबली आणि सतरंजीवरची माणसं एकदम उठून उभी राहिली. शोभाबाई पुढे आल्या. बारीक चणीच्या, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत राख. "जय भीम, या, या," म्हणाल्या आणि हात राखेचे म्हणून मनगटांनीच माझे खांदे धरले. त्यांचे यजमान शिवणकाम करतात, ते हसून म्हणाले, "सकाळपासून रोडवर जाऊन जाऊन पाहून राह्यली होती." शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई मात्र माझ्या तोंडाकडे निरखून बघत होत्या.

"खऱ्याच हायेत का वं या?" त्यांनी शोभाबाईंना विचारलं. "मी तं म्हनलं, मोबाईलातले लोक कायले येतात!"

"आता पाह्यलं न?" शोभाबाई म्हणाल्या. त्या एवढंच बोलल्या, पण गल्लीसमोर त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी मनातल्या मनात टपरीवाल्याचे पाय धरले.

कोणीही जेवलं नव्हतं. पोरांनासुद्धा थांबवलं होतं. पाव्हण्यांच्या आधी पानावर बसायचं नाही. पंगत बसली. रोडगा म्हणजे जाड्या कणकेचे पदर एकावर एक घेऊन वळलेला गोळा. विस्तवात भाजतात, राख झटकतात, मुठीने फोडतात, वर तूप. सोबत पातळ वरण आणि वांग्याची भाजी, जिचा नुसता वास आला तरी नाक वाहतं. पहिला रोडगा मी निव्वळ लाजेखातर खाल्ला. दुसरा आवडला म्हणून. वन्संनी तिसऱ्याला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच उघड्या तोंडात ढेकर आला.

शोभाबाईंनी वाढता वाढता आमच्याकडे पाहिलं. "जेवून आल्या वाटते."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्ही सहज लिहिलंय."

"सहजच लिवलं. तुमी सहज आल्या. आता सहज खा." आणि त्यांनी माझ्या पानात अर्धा रोडगा टाकलाच.

जेवणं आटोपली, भांडी घासायला बायका बसल्या, वन्सं सतरंजीवर चक्क आडव्या झाल्या. शोभाबाई मला परसात घेऊन गेल्या. तिथे तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग होता. आम्ही दोघी सोलायला बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमाले एक इचारू?"

त्यांची मुलगी मयुरी सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला आली. वाकडला मैत्रिणींसोबत राहते. रोज फोन करते.

"मी इचारतो, जेवली का. ते म्हणते, जेवली. व्हिडिओत तोंड दिसते बाई, पोटात काय गेलं ते थोडी दिसते! मी गेली तं ते दोन दिवस आंधीपासून सारं झाकूनपाकून ठेवन. तुमी एकडाव न सांगता जाऊन याल का? पोरगी नीट जेवते का, तेवढं पाहून या."

मी विचारलं, "तुम्ही ग्रुपवर सगळ्यांना उत्तरं देता. हे कधी विचारलं नाहीत?"

"हे लिवून कसं इचारू? कोनाले तरी जाऊन पाहा लागते." त्यांनी शेंग सोलली. "म्हणून तं तुमाले म्हनलं, पुन्यावून येता न."

आमच्या गाडीत मागच्या सीटवर स्टीलचा मोठा डबा ठेवला गेला, झाकणावर शोभाबाईंचं नाव कोरलेला. मयुरीसाठी रोडगे. चार दिवस टिकतात. वर तुपाची लहान बाटली. परतताना पुसदला मुक्काम केला. मोठं, गजबजलेलं गाव आहे, बाजारात एक फेरी माराच. सकाळी वाशिममार्गे निघालो आणि रविवारी रात्री घरी पोचलो. वाटेत वन्सं म्हणाल्या, "पोरगी घरी नसली तर?" मी म्हटलं, "तर जिन्यात बसेन."

सोमवारी संध्याकाळी हडपसरहून वाकडला गेले. दीड तास लागला. बेल वाजवली, तर दार उघडणाऱ्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर डब्यावर.

"हा डबा आमचा आहे," ती म्हणाली. मग, "आईने तपासायला पाठवलं न तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलण्याची आता सवयच गेली होती.

ती खळखळून हसली. मैत्रिणींशी ओळख करून दिली. खोली नीटनेटकी, मुली गोड, भिंतीवर घरच्यांचे फोटो. ओट्यावर मेसचा डबा होता, अर्धा तसाच. "भाजीत गूळ टाकतात हो मावशी," ती म्हणाली, "रोजच." बोलता बोलता तिने झाकण उघडलं, रोडगा फोडला आणि उभ्यानेच खायला लागली. तुपाच्या बाटलीची पिशवी तशीच गाठ मारलेली राहिली. पहिला संपल्यावर तिने दुसरा घेतला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

लोक विचारतात, यवतमाळला पाहण्यासारखं काय आहे. आता तुम्हाला सांगितलंच आहे. देऊळ आहे, जंगल आहे, रस्ते चांगले आहेत, जेवण तिखट आहे. वर्षानुवर्षं मी अनोळखी लोकांना प्रश्न विचारत आले आणि उत्तर मिळालं की फोन बाजूला ठेवत आले. पलीकडे कोणी तरी बसलेलं असतं, हे मला आर्णीच्या त्या अंगणात कळलं. जाताना जमलं तर डिसेंबरात जा, तूर भरात असते.

घरी येऊन शोभाबाईंना फोन लावला. वन्सं आमच्याकडेच थांबल्या होत्या, त्याही कान देऊन बसल्या.

"पाह्यलं काय?"

"पाहिलं. चांगली आहे, हसरी आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत. मेसचं जेवण मात्र तिला जात नाही, अर्धं टाकते. माझ्यासमोर दोन रोडगे खाल्ले."

"तूप टाकून, का कोरडे?"

"कोरडेच. बाटली उघडायला थांबली नाही."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"मंग भूक होती तिले," शोभाबाई म्हणाल्या. आणि मग, "तुमच्या घरावून किती दूर हाय वो ते?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

"जवळच आहे," मी म्हटलं. "दर रविवारी आमच्याकडेच जेवेल."