ग्रँटच्या झग्याचे दोरे

“काढून टाक त्या गाठी,” लिंडा म्हणाली. “कुणीतरी नंतर केलेलं रिपेअर आहे ते.”

लिंडा माझी बॉस. आमच्यामध्ये टेबलावर एक गालिचा पालथा पडला होता आणि मी त्याच्या काठाशी नाक लावून बसले होते. मी टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुनी कापडं आहेत तशी टिकवणं हे माझं काम. माझी आई मात्र अख्ख्या सोलापुरात सांगत फिरते, की आमची पोरगी अमेरिकेत जाऊन रफू करते. सांगू दे बापडी.

गालिचा मॅसॅच्युसेट्समधल्याच एका छोट्या म्युझियमचा. इथलं एक मिशनरी कुटुंब इंग्रजांच्या काळात नगरकडे होतं, परतताना त्यांनी तो आणला. सोबतच्या कार्डावर एवढंच होतं, की तो एका अनाथाश्रमाच्या इंडस्ट्रियल स्कूलमध्ये विणलाय. इंडस्ट्रियल स्कूल म्हणजे धड शाळा नाही, धड कारखाना नाही. पोरक्या मुलांच्या हाताला कसब द्यायचं, सुतारकाम, शिवण, विणकाम, आणि त्यांनी केलेला माल विकून संस्था चालवायला हातभार लावायचा. उरलेली तोंडमिळवणी देणग्यांची आणि सरकारी ग्रँटची.

भानगड अशी होती, की सगळा गालिचा लोकरीचा आणि काठालगत मधूनच सुती दोऱ्याच्या बारीक गाठी. कुठे विटका निळा, कुठे गुलाबी. नक्षीत त्यांचं काहीच काम नव्हतं. सूत आणि लोकर धुताना सारखी आटत नाहीत, त्यामुळे नंतर घातलेलं सूत आम्ही सहसा काढतो. म्युझियमलाही प्रदर्शनासाठी काठ स्वच्छ हवा होता. लिंडाचं काही चुकत नव्हतं.

पण मला ते पटेना. रिपेअर भोक बुजवायला करतात आणि इथे कुठे भोकच नव्हतं. भोक नसताना ठिगळ कोण लावतं? मी तसं लिंडाला म्हटलं. ती म्हणाली, तुला वाटतंय एवढ्यावर मी काम थांबवू शकत नाही, शुक्रवारपर्यंत काहीतरी ठोस आण. नाहीतर सोमवारी चिमटा घे आणि कामाला लाग.

तेव्हा मला एस्तेर मावशी आठवल्या. श्रूजबरीत आमच्या शेजारी विनय राहतो, त्याची आई. नव्वदीच्या आहेत, रिटायर्ड नर्स, कान तिखट आणि जीभ त्याहून. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माझ्या करंज्यांची मुरड बघून त्यांनी चारचौघांत मला विचारलं होतं, सोलापूरची ना गं तू? त्याच बोलण्यात त्या सांगून गेल्या होत्या, की लहानपणी आम्ही आश्रमात गालिच्याच्या मागावर बसायचो. तेवढ्यात कुणीतरी ग्रीन कार्डचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले. मीसुद्धा वळले.

विनय म्हणाला, आईला विचारून बघ, घरी ती त्यावर फार बोलत नाही. मी विचारलं तर मावशी चपला घालूनच तयार.

लॅबमध्ये आल्यावर त्यांनी आधी गालिच्याचा वास घेतला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि नक्षीवर बोट न टेकवता सुरात म्हणायला लागल्या, तांबडे चार, काळा एक, सोड दोन. एका मुलीनं नक्षी अशी म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकून गाठी मारायच्या, ही मागावरची रीत. आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट असायची, लहानपणी मी तिला वैतागायचे. आता ती ऐकायला जीव टाकला असता.

मग त्यांना काठावरच्या गाठी दिसल्या आणि त्यांचा सूर थांबला.

“हा ग्रँटचा झगा आहे,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. सरकार ग्रँट द्यायचं ती मुलांच्या डोक्यामागे. म्हणून वर्षातून एकदा साहेब इन्स्पेक्शनला यायचा, डोकी मोजायचा, ताटात काय आहे ते बघायचा. त्या दिवशी सगळ्यांच्या केसांना तेल, अंगात पेटीतले चांगले झगे, जेवायला गुळाचा सांजा आणि मागाला सुट्टी. सणासारखा दिवस, मावशी म्हणाल्या, आम्ही महिनाभर वाट बघायचो. दुसऱ्या दिवशी झगे धुऊन, घडी घालून पुन्हा पेटीत, पुढच्या इन्स्पेक्शनसाठी.

मला राग आला. मावशींना नाही आला. त्या म्हणाल्या, आश्रमाच्या मॅडमना नावं ठेवू नकोस, ती ग्रँट बुडाली असती तर कणगीत ज्वारी नसती पडली. पण झगा मनातून जायचा नाही. म्हणून पेटीत जाण्याआधी मुली त्याच्या दुमडीतून एक दोरा ओढून घ्यायच्या आणि मागावर बसल्या की काठाशी त्याची गाठ मारून टाकायच्या.

“मॅडम झगे मोजून घ्यायच्या. दोरा कोण मोजतोय? गालिचा बोटीत चढला, की आम्ही म्हणायचो, चालला आपला झगा परदेशी. मी आणि चंद्रीनं काढलेली युक्ती ही.”

चंद्री ही त्यांची मागावरची जोडीदारीण. तापानं आश्रमातच गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

मी लिंडाला सगळं इंग्रजीत सांगितलं. तिचे डोळे भरले, पण लिंडा ती लिंडाच. म्हणाली, गोष्ट सुंदर आहे, पण मला कापडात दाखव.

मी गाठ मायक्रोस्कोपखाली घेतली. गालिचा विणताना गाठींची एक ओळ झाली, की आडवा धागा टाकून तो पंजानं, म्हणजे लोखंडी फणीनं, ठोकतात. त्यामुळे तेव्हाची गाठ दोन आडव्या धाग्यांमध्ये चिणली जाते. नंतर सुईनं घातलेली गाठ धाग्याला भोसकून किंवा त्याच्यावरून जाते. ही चिणलेली होती. दुसरी बघितली, तीही. लिंडा बराच वेळ भिंगात डोळा घालून राहिली आणि मग तिनं रिपोर्टमधलं ‘रिपेअर’ स्वतःच्या हातानं खोडून ‘मूळचं’ असं लिहिलं. म्युझियमच्या क्युरेटरला फोन केला, तर ती म्हणाली, मग काठ उलटा करूनच लावू, लोकांना दिसू दे.

मावशींना घरी सोडताना मी खुशीत होते. म्हटलं, मावशी, यातली एखादी गाठ चंद्रीची असेल का हो?

“नाही गं. हा गालिचा आमच्या आधीचा. असा लाल आमच्या वेळी मिळतच नव्हता.”

“मग तिथे का नाही बोललात?”

“बोलले असते, तर तुझी बॉस म्हणाली असती, मग या म्हातारीला काय ठाऊक?”

थोडं पुढे गेल्यावर त्या एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

“म्हणजे चंद्रीला कुणा थोरलीनं दाखवलं असणार. आणि मला म्हणाली, एस्तेर, हे आपण दोघींनीच शोधलंय, कुणाला सांगू नको. आणि मी वेडी, आजपर्यंत नाही सांगितलं. लबाड मेली.”

सोमवारी मी हेही लिंडाला सांगितलं आणि तिनं रिपोर्टला ओळ जोडली, की ही रीत मावशींच्याही आधीची.

आमच्या धंद्यात म्हणतात, की जे घालाल ते परत काढता आलं पाहिजे. काढलेली गाठही परत मारता येते, हे खरं आहे. पण मग ती माझी गाठ होते, त्या पोरीची राहत नाही.