मानीव सभासद

तुमच्या घरची म्हैस कुणाच्या नावावर दूध देते?

हसण्याआधी उत्तर द्या. वैरण कोण टाकतं, धार कोण काढतं, किटली घेऊन डेअरीवर कोण जातं, आणि डेअरीच्या सभासदांच्या यादीत नाव कुणाचं आहे? आमच्या घरचं उत्तर मीच आधी सांगते. आमच्या म्हशी माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढे एका वस्तीवर. धार काढणारी माझी आई. आणि सभासद माझे थोरले चुलते, जे कित्येक वर्षं मुंबईच्या बाजारात मालाची चढउतार करतात. ते यात्रेला गावी येतात तेव्हा म्हशी त्यांना बघून बुजतात.

मी सांगलीत बी.कॉम. एलएल.बी. शिकते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, निम्मा वाणिज्याचा, निम्मा कायद्याचा. वस्तीवर हे समजावून सांगणं अवघड जातं.

"म्हंजे पोरगी वकील व्हनार का हिशेबनीस?"

"दोन्ही."

"बरं, मग लगीन कवा?"

सांगलीतही वेगळं नाही. नुसता कायदा शिकणारे आम्हाला मुनीम म्हणतात आणि नुसते कॉमर्सवाले आम्हाला भांडखोर म्हणतात. सकाळी संयुक्त भांडवली कंपनीचा ताळेबंद जुळवायचा आणि दुपारी करार कधी मोडला असं म्हणता येतं ते शिकायचं. मला हे दोन विषय कधीच वेगळे वाटले नाहीत. ताळेबंदात जे नाव नसतं, त्याच्यासाठीच कायदा लागतो.

भांडखोर मात्र मी आहे. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, दहिवडीच्या एका छापखान्यात कामाला होते आणि पाण्याच्या चळवळीत फुकट राबत होते. गुलाबी, पिवळ्या स्वस्त कागदांचे गठ्ठे आमच्या घरात धान्याच्या पोत्यांशेजारी असत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'जाहीर', 'निषेध' आणि 'प्रचंड' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी ओळखता येत होते.

त्यामुळे पहिल्या वर्षीची माझी उत्तरपत्रिका कशी होती ते सांगायला नको. ठेवीदाराच्या हक्कांवरच्या उत्तरात मी शेवटी लिहिलं होतं, 'ही लूट आता चालणार नाही!' करार कायदा शिकवणाऱ्या सरांनी मला बोलावून घेतलं.

"हे उत्तर आहे की मोर्चा?"

मी मान खाली घातली नाही. ते म्हणाले, "राग असू दे. पण आधी कलम लिही, मग रागव. उलटं केलंस तर मार्क मलाच कापावे लागतील."

त्याच सरांनी आम्हाला परदेशातला एक जुना खटला शिकवला. एका काकाने पुतण्याला कळवलं, 'तुझ्याकडून काही उत्तर आलं नाही, तर तुझा घोडा मी विकत घेतला असं समजेन.' पुतण्या गप्प राहिला. पुढे भांडण कोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणालं, घोडा काकाचा झाला नाही. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. वर्गात सगळे घोड्यावर विनोद करत होते, आणि मी सुन्न झाले होते. आमच्याकडे मुलगी गप्प बसली की सुपारी फुटते. बहीण गप्प बसली की सातबाऱ्यावरून नाव कमी होतं. तिथे एका पुतण्याच्या गप्प बसण्याला एवढा मान होता.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मी सुट्टीला घरी गेले, तेव्हा डेअरीची गाडी वस्तीवर यायची बंद झाली होती. रस्ता खराब आहे, असं संचालक मंडळाचं म्हणणं. खराब रस्त्यावरून बायका मात्र किटल्या घेऊन गावापर्यंत चालत जात होत्या. उन्हाने दूध आंबलं की डेअरीवाला झाकण उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "परत न्या."

त्याच आठवड्यात डेअरीची वार्षिक सभा होती, देवळाच्या मंडपात. आमच्याकडच्या सभा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चेअरमन विषय वाचतात, पुढच्या रांगेतून "मंजूर!" अशी आरोळी येते, मागून सगळे "मंजूर! मंजूर!" करतात, आणि वासावरून जिलेबी तयार झाली की नाही याचा अंदाज घेत पुढचा विषय येतो. त्या दिवशी आई मधेच उभी राहिली. आमच्या मंडपात कोणी बाई उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"भावजी, वस्तीवरची गाडी कवा सुरू करनार?"

चेअरमन नात्याने आप्पांचे चुलतभाऊ. ते गोड हसले. "वैनी, बसा. सभासद बोलत्याल."

"म्हशी माझ्या हायत्या."

"म्हशी तुमच्या, पर खातं दादाचं. दादा मुंबैस्नं आलं की इचारत्याल."

मंडप हसला. कुणीतरी "मंजूर!" ओरडलं, नक्की काय मंजूर झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि आई बसली.

संध्याकाळी ती धार काढत होती. किटलीत दुधाच्या सरी वाजत होत्या. मान न वळवता तिने विचारलं, "ते सभासद व्हायला काय लागतंय गं?"

आम्ही अर्ज लिहिला. आईने स्वतः सही केली. डेअरीचे सेक्रेटरी अर्ज हातात घ्यायलाही तयार नव्हते.

"एका घरात एकच सभासद असतोय."

मी विचारलं, "कुठं लिहिलंय?"

"लिवायचं कशाला? रीतच हाय ती."

मी संस्थेचे पोटनियम मागितले. बरीच टाळाटाळ झाल्यावर ते मिळाले, आणि त्यांत असा नियम कुठेच नव्हता. मग अर्ज आणि भागाची, म्हणजे शेअरची, रक्कम आम्ही पोस्टाने, पोचपावती मागवून पाठवली. पावती संस्थेचा शिक्का घेऊन परत आली. उत्तर मात्र आलं नाही. गावात चेअरमन म्हणत होते, असं कानावर आलं, "उत्तरच द्याचं न्हाई. आपसूक थंड हुतंय."

मी म्हसवडहून एसटी धरली आणि आटपाडी, भिवघाट करत सांगलीला परतले. त्या सत्रात आम्हाला सहकार कायद्याचा पेपर होता. एका दुपारी सरांनी सभासदत्वाची तरतूद वाचून दाखवली. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने आपला निर्णय अर्जदाराला कळवलाच नाही, तर अर्जदाराला सभासद म्हणून दाखल केलं आहे असं मानण्यात येईल. अशा सभासदाला मानीव सभासद म्हणतात.

मी उभी राहिले. माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण मागच्या बाकावरची झोपलेली मुलं उठली.

"सर, पहिल्या वर्षी तुम्ही शिकवलं, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मग इथं संस्था गप्प बसली तर होकार कसा?"

सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "त्या पुतण्यावर उत्तर द्यायचं बंधन होतं का? नव्हतं. संस्थेवर आहे. ज्याला बोलणं बंधनकारक आहे, त्याचं मौन त्याच्यावरच उलटतं. ज्याला बोलूच दिलेलं नाही, त्याचं मौन कुणाला वापरता येत नाही."

माझ्या आजवरच्या शिक्षणातलं हे सगळ्यात मोठं वाक्य आहे. कुठल्याही पत्रकात मी ते वाचलं नव्हतं.

खोलीवर आल्यावर मी आप्पांना फोन लावला. ते उत्साहात होते. त्यांनी पत्रक तयार केलं होतं. मथळा होता, 'एका घरात एकच सभासद, हा कुठल्या देशाचा कायदा?' मथळा चांगला होता. मी म्हटलं, "आप्पा, आता छापू नका. पत्रक निघालं की ते जागे होतील, घाईघाईनं नकार कळवतील. महिना दीड महिना थांबा."

मग आप्पा म्हणाले, "आयुष्यभर जे केलं ते चव्हाट्यावर केलं. गुपचूप टपून बसायचं, ही लबाडी झाली पोरी. वकिली डोकं झालं तुझं."

ते मला लागलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आणि बापालाच गप्प बसा म्हणत होते. माझ्या खोलीतली मैत्रीण वाळव्याकडची, उसाच्या रानातली, तिचा भाऊ फौजेत. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तुमच्याकडं पानी न्हाई, पर तोंडाला लय धार हाय. आता ती धार म्यान कर की जरा! दबा धरून बसनं बी लढाईच असतीया." तिने भडंगाची पुडी माझ्यापुढे सरकवली. माझं समाधान झालं नाही. दबा शत्रूसाठी असतो, आणि ही डेअरी तर आमचीच होती.

गुंता आईने सोडवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, तेव्हा तिने तो आप्पांच्या हातातून घेतला.

"तुमी दोगं काय गुपचूप-गुपचूप लावलंय? मी रोज डेअरीत जाती. रोज इचारती, 'भावजी, माज्या अर्जाचं काय झालं?' सगळ्या गावाम्होरं इचारती. ते म्हनत्यात, 'बघू की.' ह्यात कसली आलीया लबाडी? त्यांनीच त्वांड शिवलंय. आपल्या दाव्यानं न्हाई बांदलं."

आप्पांनी पत्रक छापलं नाही. आई मुदत भरेपर्यंत रोज विचारत राहिली आणि रोज तिला "बघू की" मिळत राहिलं.

मुदत संपल्यावर आम्ही संस्थेला पत्र दिलं आणि त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात दिली. त्या पत्रात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. आधी कलम होतं आणि खाली आईची सही. राग ज्याचा त्याने वाचून घ्यावा.

डेअरीवर हे पत्र कुणीतरी मोठ्याने वाचलं. आई किटली घेऊन रांगेत उभी होती. चेअरमन म्हणाले, "मानीव म्हंजे काय वो वैनी? मानलेल्या भनीगत मानलेली सभासद व्हय?"

रांग हसली. आई म्हणाली, "मानलेल्या भनीला निदान राखीपुनवंला तरी बलावत्यात, भावजी. मला सभेला बलवा."

रांग पुन्हा हसली, पण या वेळी हसण्याचं तोंड दुसरीकडे होतं.

संस्थेने थोडे आढेवेढे घेतले. निबंधक कार्यालयाने विचारणा केल्यावर आईचं नाव नोंदवलं गेलं. पुढच्या सप्टेंबरात घरी सभेची नोटीस आली ती तिच्या स्वतःच्या नावाने, कुणाची पत्नी किंवा कुणाची भावजय म्हणून नव्हे. तिने ती दोनदा वाचायला लावली.

सभेत विषय होता, वस्तीवरील दूध संकलन कायमचं बंद करणे. मी मंडपाच्या कडेला उभी होते. पाच वर्षांचं शिक्षण निम्मं होत आलं होतं, आणि बोलायचा हक्क मला नव्हता, कारण मी सभासद नव्हते. विषय वाचून होतोय तोच पुढून आरोळी आली, "मंजूर!"

"नामंजूर," आई म्हणाली.

ती ओरडली नाही. उभी राहिली आणि बोलली. दूध कसं आंबतं, गरोदर सून किटली घेऊन किती चालते, ज्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर येतो त्याच रस्त्यावरून दुधाची गाडी का येत नाही. मधेच कुणीतरी म्हणालं, "आवरा की आता!" चेअरमननीच त्याला दटावलं, "बोलू दे रं. सभासद हायत त्या."

मतं घेतली. आईच्या बाजूने तिचा हात आणि आणखी तुरळक हात वर झाले. ठराव मंजूर झाला. आम्ही हरलो.

"झालं का वैनी?"

"न्हाई. माझा इरोध लिवा."

सेक्रेटरींनी लिहिला. तिने तो वाचून दाखवायला लावला.

गाडी अजून सुरू झालेली नाही. मी खोटं विजयपत्रक लिहिणार नाही. त्या मंडपात आमच्या वस्तीवरच्या, रोज दूध घालणाऱ्या बायका मागे जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचे हात मोजले गेले नाहीत, म्हणून आम्ही हरलो. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यांतल्या चार जणी आमच्या दारात आल्या. मेंढरं घेऊन घाटाखाली निघायच्या बेतात असलेली एक जण म्हणाली, "माझा आंगठा आत्ताच घे गं. मी उन्हाळ्याशिवाय माघारी येत न्हाई." त्यांचे अर्ज पोस्टात पडले आहेत. मुदत चालू आहे. या वेळी आप्पा पत्रकही काढणार आहेत, आणि मीच त्यांना काढा म्हणाले आहे. संस्थेने नकार दिला तर तो लेखी आणि कारणासह द्यावा लागेल, आणि त्या कारणाशी कसं भांडायचं ते आता मला येतं. पुढच्या सभेत गाडी पुन्हा सुरू करण्याचा ठराव मांडला जाईल, त्यानंतरच्याही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे माझी एक मागणी आहे. तुमच्या गावात डेअरी असेल, सोसायटी असेल, पतसंस्था असेल, तर या आठवड्यात तिथे जा आणि सभासदांची यादी बघा. तुमच्या घरात जी बाई त्या संस्थेसाठी राबते तिचं नाव त्यात नसेल, तर तिच्याशी बोला, आणि तिला हवं असेल तर तिच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत लिहा. एक प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. शिक्का मारत नसतील तर वाद घालत बसू नका, थेट पोस्टात जा.