पोहेवाल्यानं पाहिलेलं स्थळ

सक्करदऱ्याच्या तर्री-पोहेवाल्याला नालीत कुत्र्याचं पिल्लू सापडलं. त्याला चांगलं घर मिळावं म्हणून तो गिऱ्हाइकांना मुलीच्या बापासारखा पारखायचा.

"कोणत्या जातीचं हाय?" एकानं विचारलं.

"माय इथलीच, बाप फिरतीवर. तुमी पोहे खा, मंग कळवतो."

त्या माणसाला त्यानं कधीच कळवलं नाही. दुसऱ्यानं पिल्लाला चपलेनं सरकवलं, त्याला तर तर्रीही कमी वाढली.

मी रोज विचारायचो, "गेलं का?" तो नाही म्हणून मान हलवायचा.

आठव्या दिवशी त्यानं प्लेटीऐवजी पिल्लूच माझ्या हातात ठेवलं.

"अहो, मी कुठं मागितलं?"

"रोज इचारून राहिले ना, गेलं का म्हणून? अन् मी 'नाही' म्हटलं की तुमी खुशीनं दुसरी प्लेट घेता."