वायरींना काज केलेलं कव्हर

बीडमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात मी वायर बघत उभा होतो. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायची, चांगल्यातली, जाड. हमीदसाठी. आधीच्या वायरीतच दोष आहे अशी त्या आठवड्यातली माझी खात्री होती. दर आठवड्याला माझी एक नवी खात्री असायची. तेवढ्यात वडवणीहून आमच्या शेजारच्या सलूनवाल्याचा फोन आला. "विलासराव, हमीद टेलर गेले. सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागीच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. दुकानदार विचारत होता, "काका, वायर द्यायची का न्हाई?" मी घेतली, पिशवीत टाकली आणि एसटीत बसलो. मय्यतीला पोचलो तेव्हाही ती पिशवी माझ्या हातात होती. कुणीतरी ती घेऊन कोनाड्यात ठेवली.

वडवणीत माझं केबलचं दुकान आणि हमीदचं टेलरिंगचं, मध्ये एकच भिंत. शाळेत एका बाकावर होतो, नंतर एका भिंतीला टेकून म्हातारे झालो. त्याला एक खोड होती. लग्नसराईत शेरवान्या, सूट शिवून उरलेलं कापड तो कधी टाकायचा नाही. त्याची कव्हरं शिवायचा. मिक्सरला कव्हर, कुकरला कव्हर, टीव्हीला झालरीचं कव्हर, माझ्या स्कूटरच्या सीटला तर अस्तर लावलेलं कव्हर. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ अशी उडते की पुसलेलं घर संध्याकाळी ओळखू येत नाही, त्यामुळे बायका त्याच्यावर खूश. मी म्हणायचो, "हमीद, मी मेल्यावर माझंबी माप घेशील तू." तो म्हणायचा, "तुझं माप कशाला घ्यायचं बे, पोट तर रोज बदलतंय."

साठीच्या आसपास त्याचा कान गेला. एकदम नाही, हळूहळू, आणि त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला तो कधी शिकला ते मलाही समजलं नाही. समजलं तेव्हा तो कात्री घेऊन माझ्यासमोर उभा होता. "मिशी कमी कर. तुझे निम्मे शब्द मिशीतच अडकतेत." मी नको नको म्हणेपर्यंत कापड कापायच्या त्या लांब कात्रीनं त्यानं माझी मिशी वरच्या ओठावरून सरळ रेषेत छाटली. घरी बायको आठवडाभर हसत होती. तेव्हापासून मी मिशी तशीच ठेवली आहे. आता ती कुणासाठी कापतो, ते मलाही सांगता येत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी नसरीन, दिली हैदराबादला. बाळंतपणानंतर तिला लवकर येणं जमेना, आणि इकडे हमीदचं हृदय कमजोर झालेलं, प्रवास बंद. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, यांना वाईट बातमी सांगू नका. नेमकं तेच त्यानं डॉक्टरांच्या ओठांवरून वाचलं! तिथून त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडाला. नसरीन मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची, बाळ दाखवायची, पुष्कळ बोलायची. पण साखरेनं त्याची नजर अधू झालेली, आणि मोबाईलवर तिचं तोंड बोटाच्या पेराएवढं. त्याची बायको, आमच्या बानो भाबी, खुणा करून सांगायच्या, पोरगी मजेत आहे. तो मला म्हणायचा, "बानो गोडगोड सांगती रं. मला तिच्या तोंडून बघायचंय."

जावयानं मग एक छोटा कॉम्प्युटर पाठवला, मिठाईच्या डब्याएवढा, टीव्हीला जोडायचा. मी तो बसवला. हमीदनं आधी टेप काढून त्याचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी मरून मखमलीचं कव्हर तयार, आतून अस्तर, कुठे फट म्हणून नाही, आणि मागे प्रत्येक वायरीसाठी शर्टाला करतात तसं काज. "बघ," म्हणाला, "वायरीलाबी काज केलंय. असा कारागीर हैदराबादला तरी हाय का?" मी मान डोलावली. खरंच सुरेख झालं होतं ते.

आणि व्हिडिओ अडखळायला लागला. सुरुवात बरी व्हायची. मग चित्र धक्के खायचं, नसरीनचं बोलणं तुटायचं, आणि शेवटी तिचं तोंड अर्ध्या शब्दावर थांबून राहायचं. कुठल्याही माणसाचा चेहरा बोलता बोलता थांबवून बघा... डोळे अर्धे मिटलेले, ओठ वाकडे. भल्याभल्यांचं तोंड रडवेलं दिसतं. हमीद टीव्हीला नाक लावून बसायचा आणि म्हणायचा, "बघ विलास. रडती ती. सासरी त्रास हाय तिला, अन् तुमी समदे मला येड्यात काढताय."

मी काय नाही केलं! मेमरी वाढवली. व्हिडिओ चालवायचा प्लेयर बदलला, चित्राचा दर्जा कमी करून पाहिला. व्होल्टेजवर संशय आला म्हणून स्टॅबिलायझर आणला. आयुष्यभर गावाला चित्र दाखवलेला माणूस मी, मला एवढासा डबा ऐकत नाही म्हणजे काय? तीनचारदा तो डबा मी माझ्या घरी नेला. नेताना हमीद कव्हर काढून घडी घालून ठेवायचा, "मळंल, राहू दे हितंच." माझ्या घरी डबा झकास चालायचा. तीच नसरीन, तोच व्हिडिओ, शेवटपर्यंत पोरगी हसत बोलायची. त्याच्या घरी आणला की पुन्हा धक्के. "यंत्रालाबी माझं घर आवडंना," तो म्हणायचा. त्याला माझ्या घरी आणावं तर माझं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, आणि जिना त्याला बंद. मी त्याला तोंड भरून सांगितलं, "अरे, माझ्या घरी नीट चालतो. हसती रे ती, मी डोळ्यानं बघितलं." तो माझ्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तूबी बानोसारखाच बोलाया लागला." मला इतका राग आला त्याचा! आणि रागावून तरी कुणावर रागावणार?

शेवटचा भेटलो तेव्हा तो टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर थांबलेली नसरीन. मी म्हटलं, उद्या बीडला जातो, चांगली वायर आणतो. तो म्हणाला, "आन. पर कावून एवढी धावपळ करतो बे? जे हाय ते दिसतंयच की." एवढंच.

हमीदच्या चाळिसाव्या दिवसासाठी नसरीन बाळाला घेऊन आली होती. भाबी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे परपुरुषासमोर यायचं नाही ते दिवस, म्हणून आतल्या खोलीत. आतूनच त्यांनी निरोप दिला, कोनाड्यातली पिशवी विलासभाऊंची आहे, त्यांना द्या. वायर बघून मला राहवेना. आणलीच आहे तर लावतो, म्हटलं. घर धुऊन काढलं होतं, सगळी कव्हरं दोरीवर वाळत होती, डबा उघडाच होता. वायर लावली, व्हिडिओ सुरू केला आणि चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. एक धक्का नाही. पडद्यावरची नसरीन बाळाचं बोट धरून कॅमेऱ्याला टाटा करत होती, हसत होती. म्हणजे वायरच होती तर, आणि मला यायला एक दिवस उशीर झाला...

नसरीन म्हणाली, "चांगलं तर चालतंय की, काका." मग तिनं बाहेरून वाळलेली कव्हरं आणली. मरून कव्हरावरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या, डब्यावर चढवलं, आणि वायरी एकेक करून काजांतून ओवल्या. वडिलांनी शिकवलं असावं इतक्या हळुवारपणे. तिला ते सगळे व्हिडिओ बघायचे होते, म्हणून आम्ही बसलो. दुसरा व्हिडिओ बरा गेला. तिसऱ्यात चित्रानं धक्के खाल्ले. चौथ्यात नसरीनचं तोंड थांबलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ वाकडे.

मी उठून कव्हरावर हात ठेवला. मखमल तव्यासारखी तापली होती. डबा तापूनच अडखळत होता. आतल्या डब्याला श्वास घ्यायला त्यानं फट ठेवलीच नव्हती, त्याच्यासारखा कारागीर कशाला ठेवील? धूळ जाऊ नये म्हणून त्यानं जीव लावून शिवलं, आणि त्याच जिवापायी त्याला त्याची पोरगी रडताना दिसत राहिली. माझ्या घरी ते कव्हर कधी आलंच नाही. आणि त्याच्या घरात ते इतकं घरचं होतं की त्याच्याकडे कुणी कधी बघितलंच नाही.

नसरीन पडद्याकडे बघत होती. बाळ मांडीवर झोपलं होतं. तिनं विचारलं, "काका, अब्बाला मी अशी दिसत होते?"

कव्हर काढायला म्हणून मी कडेला बोटं घातली, तशी ती म्हणाली, "राहू द्या ना काका. त्यांच्या हातचं हाय. धूळ बसंल."

ती हैदराबादला परत गेली. तिथं आपल्याकडचा हा पेपर जात नाही, म्हणून तर हे कव्हराचं लिहिता आलं. डबा हमीदच्या घरीच आहे, कव्हरात. मी मखमलीवरचा हात काढून घेतला होता, आणि वायरी काजांतून पुन्हा नीट ओढून दिल्या होत्या.