मे महिन्यात हलवलेला जाम

पेरूला आम्ही वऱ्हाडात जाम म्हणतो. अकोल्याच्या भाड्याच्या घरी, धुण्याच्या दगडाशेजारी, जामाचं एक रोप आपोआप उगवलं होतं. दोन वर्षांत ते माझ्या खांद्याला लागलं. मग माझी अमरावतीच्या शाळेत बदली झाली आणि घरमालक म्हणाले, तुम्ही गेल्यावर अंगणात फरशी टाकणार. भर मे महिना. झाड हलवायची ही वेळ नव्हे, हे मला कळत होतं. तरी आम्ही नवरा-बायकोनं सब्बलीनं ते खणून काढलं. उचलताना मुळांभोवतीची निम्मी माती ढासळली. उरलेला गोळा पोत्यात बांधून झाड सामानाच्या टेम्पोत कूलरशेजारी उभं केलं.

अमरावतीत घरामागे लावल्यावर तिसऱ्याच दिवशी पानं लोंबली. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालू लागले. पानं आणखी पिवळी पडली.

कुंपणापलीकडच्या काकू हे रोज बघत. भातकुलीला आयुष्यभर शेती करून त्या आता मुलाकडे राहायला आल्या होत्या. एक दिवस म्हणाल्या, "मॅडम, झाडाले पाणी पाजून राहिल्या का बुडवून राहिल्या?"

"ऊन किती आहे, काकू!"

"ऊन वरतं हाये. मातीत बोट घालून पाहा."

घातलं. आत नुसता चिखल, आंबूस वासाचा. काळी माती पाणी सोडतच नव्हती. त्या दिवसापासून मी हात आवरला.

दोन दिवसांनी जुन्या शाळेचा चार्ज द्यायला अकोल्याला गेले. किल्ली काकूंकडे ठेवली होती. संध्याकाळच्या एसटीनं परतले आणि मागच्या दारातच थबकले. झाडाला डोकंच नव्हतं. फांद्या निम्म्याहून छाटलेल्या, मोजून सात-आठ पानं शिल्लक. पश्चिमेकडून बांबूला जुन्या लुगड्याचा आडोसा, बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, पसरलेलं.

माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "काहून कापलं? मले इचारलं तरी का?"

"इचारलं असतं तं कापू देलं असतं का?"

"नाई!"

"मंग?" काकू शांतपणे म्हणाल्या. "चार मुळ्या राहिल्या त्याले. एवढ्या पानाले पाणी कुठून पुरवन ते?"

आठ दिवस मी कुंपणाकडे फिरकले नाही. बोट घालून बघणं मात्र चालू ठेवलं. माती कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी.

कोंब पहिल्यांदा दिसला तो यांना, दात घासताना. "अवं, इकडे ये लवकर!" खोडाच्या बगलेत मोहरीएवढं लालसर काहीतरी फुटलं होतं. चार दिवसांत तसे पाच झाले. मी पोह्यांची बशी घेऊन कुंपणाशी गेले. काकूंनी एक घास खाल्ला. "तिखट कमी हाये," म्हणाल्या आणि बशी पुसून परत दिली.

पोळ्याच्या सुमाराला कळ्या धरल्या. यंदा फळ नको, झाडाला जीव धरू द्या, असं काकूंनी बजावलं. निम्म्या कळ्या मी तोडल्या. पुढे माझा हात होईना, उरलेल्या त्यांनी तोडल्या.

आता तिसरं वर्ष. आतून गुलाबी जाम लागतात. पोपट निम्मे नेतात, नेऊ देत. काकूंना बिया चावत नाहीत, म्हणून त्या पिकल्या जामाची गूळ घालून भाजी करतात. परवाच वाटीभर पाठवली. आम्ही दोघांनी ती गरम पोळीशी, उभ्याउभ्याच संपवली.