रोलरखालची हिरवळ

दादरच्या एका मंगल कार्यालयापुढची हिरवळ मी वाढवली आणि तिथल्या सेक्रेटरींनी ती मारली. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं. ऐकणारा शेवटी म्हणतो, "गवतच ना?" आणि माझं डोकं पुन्हा फिरतं. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

कोकणातून आलो तेव्हा भायखळ्याच्या भाजीबाजारात मी पाट्या उचलायचो. तिथून स्वतःच्या हिमतीवर माटुंग्याला रोपांची नर्सरी काढली. घासाघीस केल्याशिवाय मी कधी कुंडी घेतली नाही की विकली नाही. कार्यालयाच्या हिरवळीचं काम घेताना मात्र मी पैशांवर फारसा बोललो नाही, अडून बसलो ते दिवसांवर. पाऊस ओसरल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत हिरवळीवर कुणी पाय ठेवायचा नाही, ही माझी अट. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं होत नाहीत, तेव्हा कार्यालयाचं नुकसान शून्य. सेक्रेटरी कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, काळा कोट. त्यांना खोट सापडेना, म्हणून त्यांनी मान्य केलं.

एवढी विश्रांती कशाला, तर वर्षभर वऱ्हाडाच्या पायांखाली जमीन दबून फरशीसारखी होते. पाणी वर साचतं, मुळं खाली गुदमरतात. गिरणीच्या भंगारातल्या पोकळ नळ्या आणून परळच्या लोहाराकडून मी एक पंजा करून घेतला होता. त्यावर पाय देऊन दाबला की नळ्या जमिनीत घुसायच्या आणि उपसला की मातीच्या बोटभर कांड्या बाहेर यायच्या. मागे राहिलेल्या भोकांत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरायचं. दिसायला काम ओंगळ. पहिल्या वर्षी सेक्रेटरी म्हणाले, घुशींनी उकरल्यासारखं दिसतंय. पण मार्गशीर्षात हरळी अशी दाट आली की नवरदेवाचे मित्र जोडे काढून तिच्यावर बसले. मग सेक्रेटरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "ही आमची हिरवळ."

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या. मैदानं अपुरी पडायला लागली तेव्हा लहान सभा कार्यालयाच्या आवारात यायला लागल्या, आणि त्याही नेमक्या माझ्या दिवसांत, कारण तेव्हा आवार रिकामं. ओल्या हिरवळीवर जाजमं पसरायची, माणसं दाटीवाटीनं बसायची. मी जाऊन कराराची आठवण करून दिली. सेक्रेटरींनी चार लोकांसमोर मला विचारलं, "का हो माळीबुवा, तुम्हाला मुंबई महाराष्ट्रात नको का?"

मुंबई मला त्यांच्याइतकीच हवी होती, आणि घोषणा देऊन माझा घसा त्यांच्यापेक्षा जास्त बसला होता. फक्त मी बाहेर फुटपाथवर उभा राहून घोषणा देत होतो, हिरवळीवर बसून नाही. बाकी माळीबुवा हे मला खिजवायला. मी माळी नव्हतो, ठेकेदार होतो, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शेवटी मी नवा सौदा केला. सभा सगळ्या होऊ द्या, पण तुळशीच्या लग्नाआधीचा आठवडा माझा. त्यांनी मान डोलावली. त्या आठवड्यात मी आणि माझ्या माणसांनी सगळी हिरवळ भोकं पाडून काढली. काम संपलं त्या संध्याकाळी मातीच्या कांड्या पोत्यात भरून नर्सरीत नेल्या, कारण त्यात हरळीची मुळं असतात आणि फुकटची चांगली माती मी टाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूची हातगाडी घेऊन पोचलो, तर फाटकातूनच घरघर ऐकू आली.

हिरवळीवर दगडी रोलर फिरत होता. दादरमध्ये जन्मलेल्या प्रत्येक माणसाला वाटतं की आपल्याला क्रिकेट कळतं, आणि क्रिकेट कळतं म्हणजे जमीन कळते. सेक्रेटरींनी जवळच्या क्रिकेट क्लबातून रोलर मागवला होता, आधी पाणी मारून घेतलं होतं, आणि खेळपट्टी करावी तशी हिरवळ दाबून घेतली होती. एकही भोक शिल्लक नव्हतं.

"बघा, कशी सपाट झाली," ते म्हणाले. खरोखर खुशीत होते.

मी म्हटलं, "साहेब, हा रोलर राहील नाहीतर मी राहीन."

"रोलर क्लबाचा आहे, तो संध्याकाळी परत जाणारच आहे. तुम्ही आत्ता गेलात तरी चालेल."

मी वाळू तिथेच फाटकात ओतली आणि रिकामी गाडी घेऊन निघालो.

पुढच्या पावसात तिथे पाणी साचलं, मग शेवाळ धरलं, मग मधोमध टक्कल पडलं. दरवर्षी लोक म्हणायचे, सभांनी हिरवळ गेली. हे ऐकलं की मला जास्त संताप यायचा. सभांनी दबलेली जमीन मी दरवर्षी मोकळी करून दिली असती.

राज्य मिळालं त्या मे महिन्यात सेक्रेटरी स्वतः नर्सरीत आले. कार्यालयात आनंदाचा मोठा समारंभ होता आणि पुढची जागा उघडीबोडकी दिसत होती. माझ्या नर्सरीच्या मागच्या अंगणात त्या मातीच्या कांड्यांतून फुटलेली हरळी गालिच्यासारखी पसरली होती. ती त्यांनी ओळखली. म्हणाले, "आमचीच ना ही? थोडी द्याल?"

म्हातारे झाले होते. उन्हात चालत आले होते. आणि दिवसही असा होता की मला भाव करावासा वाटला नाही. मी फावडं घेतलं आणि कडेचा चौकोनी तुकडा मुळांसकट सोडवायला लागलो.

ते वाकून हिरवळ न्याहाळत होते. माझी ताजी भोकं त्यांना दिसली असावीत. अगदी आपुलकीनं म्हणाले, "छान ठेवलीय हो. फक्त एकदा रोलर फिरवून घ्या."

मी कापलेला तुकडा परत जागेवर बसवला, कडा पायानं नीट दाबल्या आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.