प्रज्ञानं सही केली नाही तेव्हा

प्रज्ञा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून खुळ्यासारखं निघून गेलं, "नक्की का? कुणी नीट बघितलं का?" तो रडत रडत म्हणाला, "दादा, डॉक्टरांनी बघितलं." फोन ठेवला आणि वाटलं, ती असती तर लगेच म्हणाली असती, "डॉक्टरांनी बघितलं, पण डॉक्टरांचं कुणी बघितलं?" तशा अवस्थेत मला हसू आलं. मग रडू आलं... आमच्या बाईसाहेबांनी जाताना सुद्धा माणसाला धड एका बाजूला होऊ दिलं नाही. महिना होत आला, अजून तेच चाललंय.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत साताऱ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. मालक बापूसाहेब, पुण्याची नोकरी सोडून आलेले इंजिनिअर. मी कडेगावचा, फौजीचा पोरगा, माझ्याकडं सोल्डरिंग आणि जोडणी. आणि प्रज्ञा, डिप्लोमा करून लागलेली, रोज उंब्रजहून एसटीनं येणारी. वडील लवकर गेलेले, दोन धाकट्या भावांची शिक्षणं तिच्या पगारावर. पण तोरा असा, की शेडची मालकीण हीच वाटावी. तिच्याकडं प्रोग्रामची छापील पानं तपासायला दिली, की ती मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक ओळीला विचारायची, "हे कशाला?" उत्तर अडखळलं की ओढली तांबडी पेन्सिल. एसटीत सुद्धा वाचन चालूच. एकदा शेजारच्या म्हातारीनं तिला हात जोडले, कसलं तरी स्तोत्र चाललंय असं समजून. प्रज्ञानंही न थांबता मान डोलावली म्हणे.

त्या वर्षी बापूसाहेबांनी नवा काटा काढला. एकाच काट्यावर दुधाचा कॅनही तोलायचा आणि शेळीही. आता कॅन गप उभा राहतो, शेळी काय राहते का? म्हणून सेन्सरकडून वजन किती वेगानं वाचायचं आणि किती वाचनांची सरासरी धरायची, हे बटणानं बदलायची सोय होती. 'दूध' दाबलं की चार वाचनांत आकडा, 'जनावर' दाबलं की चौसष्ट. सेन्सरच्या विजेचे आकडे करणारी एक चिप असते, तिला हाकणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो खुद्द बापूसाहेबांनी लिहिला होता. आणि शेडचा नियमही खुद्द बापूसाहेबांचाच, दुसऱ्यानं तपासून सही केल्याशिवाय कुणाचाही प्रोग्राम काट्यात जाणार नाही! त्यांच्या पानांवर आम्ही आजवर डोळे मिटून सही करत आलेलो. मालकाचं वाचतंय कोण? या खेपेला पानं प्रज्ञाकडं गेली आणि घात झाला.

सांगलीच्या एका बड्या गिऱ्हाइकाला काटा दाखवायचा दिवस अगदी तोंडावर आलेला. पानं घेऊन ती सरळ बापूसाहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली. "आवं बापूसाहेब, बटण बदललं की जुनी वाचनं पुसली कुठं जात्यात?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी शेळी तोलली, तिनं काट्याच्या आठवणीतले चौसष्ट खण भरले. मग 'दूध' दाबून कॅन ठेवला, त्याला चारच खण लागले. बाकीच्या साठ खणांत शेळी तशीच बसून हाय. परत 'जनावर' दाबलं, की तुमची सरासरी तिलाच मोजणार!"

"इतक्या चाचण्या झाल्या," बापूसाहेब म्हणाले, "एकदा तरी चुकला का काटा?"

"न्हाई चुकला. मधी लाईट जाती म्हणून न्हाई चुकला."

 बाई खरं बोलत होती. आमच्याकडं दोन चाचण्यांच्या मध्ये लाईट गेली नाही, असं सहसा घडायचंच नाही. लाईट गेली की काट्याची आठवण कोरी, आली की काटा आंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ. मालकांची चूक रोज लाईट झाकत होती, आणि आम्ही बसलो होतो लाईटला शिव्या घालत! त्यात सांगलीच्या गिऱ्हाइकानं मोठ्या दिमाखात कळवलेलं, आमच्याकडं जनरेटर आहे, लाईटची काळजी करू नका.

बापूसाहेब मनानं वाईट नव्हते, पण लोकांसमोर पकडले गेले आणि तापले. "सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले. मी तिला बाहेर घेऊन गेलो. म्हटलं, "कर की गं बाई सही. भावांची कॉलेजं कशी व्हायची?" ती ओढणीनं डोळे पुसत होती. असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. "लय भ्या वाटतंय रं," म्हणाली. "पण मी वाचलंय आता. न वाचल्यागत कसं करू?"  तिनं डबा पिशवीत टाकला आणि जाता जाता हळूच विचारलं, "उद्या सकाळी मालकांच्या जीपची बॅटरी काढशील का?"

दुसऱ्या दिवशी, येऊ नकोस म्हटलेली बाई दुधाच्या टेम्पोतून उतरली. बरोबर तिची आत्या, एक दांडगी शेळी आणि शेळीचं करडू. "पोरगीची नोकरी माझ्या करडावर अडकलीया म्हनं," आत्यानं आल्या आल्या जाहीर केलं, "कुठं हाय तो काटा?" बाहेर बापूसाहेब जीपची किल्ली फिरवून फिरवून दमले होते, कारण बॅटरी आत काट्याला जोडलेली. आवाज ऐकून तेही आत आले. शेळी चढवली, चौतीस किलो. 'दूध' दाबून भरलेला कॅन तोलला, बरोबर. परत 'जनावर' दाबलं आणि करडू ठेवलं. मधी लाईट गेली होती, पण काट्याला आता तिचा पत्ताच नव्हता. आकडा आला, शेळीच्या साठ खणांत कॅनचे चार मिसळून चौतीसच्या वर थोडं, आणि पक्कं वजन झाल्याचा हिरवा दिवाही लागला!

आत्या वाकून बघत राहिली. "आवं मालक, ह्या करडाची नाळ सुद्धा वाळली न्हाई अजून. तुमच्या काट्यावर चढलं आन् बाळातपनाला आलं की!"

मी हसू दाबता दाबता मेलो. प्रज्ञा मात्र हसली नाही. ती बापूसाहेबांकडं बघत होती, आणि बापूसाहेब करडाकडं. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "बॅटरी माझ्या जीपची का रं?" म्हटलं, "व्हय." "राहू दे," म्हणाले, आणि जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. दुपारी नवी पानं घेऊन स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "दोनच ओळी वाढवल्यात," म्हणाले. प्रज्ञानं पहिलं पान उघडलं. "बसा. पहिल्यापासनं वाचते." आणि मालक स्टुलावर बसून प्रत्येक ओळीचं उत्तर देत राहिले. मग तिनं सही केली. सांगलीत बोकड काट्यावर नाचला, आकडा काही नाचला नाही. नोकरीचा विषय परत कुणी काढला नाही.

पुढं शेड बंद झालं. ती सांगलीला दुसरीकडं लागली, मी माझं दुकान काढलं. पण बापूसाहेब घरबसल्या जे काही लिहीत, ते आधी तिच्याकडं जाई आणि मग तासभर फोन चाले. उंब्रजला तिच्या जलदान विधीला त्यांना गुडघ्यांमुळं येता आलं नाही, म्हणून परवा मीच साताऱ्याला जाऊन आलो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी त्यांनी एक यंत्र केलंय, टाकी भरली की मोटर बंद करणारं. यंत्र टेबलावर तयार होतं आणि टाकी धो धो वाहत होती. काकू आतून ओरडत होत्या, "अहो, अंगणात तळं झालं!"

मी विचारलं, "बसवलं का नाही मग?"

"सही कुठं आहे?" म्हणाले. "तिला पाठवायला पानं काढली होती... तेवढ्यात तुझा फोन आला."

 मी खिशातलं पेन काढलं. घरचीच टाकी, म्हातारा माणूस... म्हटलं, "आणा, मी करतो." त्यांनी पानांवर हात ठेवला. तो काही उचलेनात.

"आधी वाच," म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली.